वाट बघणं ज्यांना परवडतं

मला वाट बघणं परवडतं. बाकी काही लिहिण्याआधी हे लिहून ठेवायला हवं. गेल्या काही वर्षांत अनेकांनी माझ्या चिकाटीचं कौतुक केलं, पण त्या कौतुकात ही गोष्ट कुणी धरली नाही आणि मीही ती आपणहून सांगितली नाही. नवऱ्याची नोकरी सरकारी आहे. महिन्याच्या सुरुवातीला त्याचा पगार होतो, घराचा हप्ता त्यातून जातो, मुलीची फी त्यातून जाते. मी तासिकेवर शिकवते. कधी कुणाच्या बाळंतपणाच्या रजेत, कधी कुणाच्या आजारपणात, कधी नुसतेच रिकामे पडलेले तास. काम नसतं तेव्हा घरी असते. जिच्या एकटीच्या कमाईवर घर चालतं अशी बाई माझ्या जागी असती, तर तिची चिकाटी पहिल्याच उन्हाळ्यात संपली असती. तिच्यात काही उणं असतं म्हणून नव्हे. मे महिन्यात तास नसतात आणि तास नसले की पैसे नसतात, एवढंच त्याचं कारण.

त्याआधी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत केमिस्ट होते. कोल्हापूरकरांना फाउंड्री म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या पट्ट्यात कामाला असतं. भट्टीत लोखंड वितळलं की तिथला माणूस थोडा रस तांब्याच्या साच्यात ओतून मोठ्या नाण्याएवढी चकती करायचा आणि लॅबमध्ये आणून द्यायचा. ती घासून स्पेक्ट्रोवर ठेवली की मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे टक्के समोर यायचे. कार्बन सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यान, सिलिकॉन दोनच्या आसपास असला की मी होकार द्यायचा, नाहीतर काय किती घालायचं ते सांगायचं. माझा आकडा हाती आल्याशिवाय भट्टी ओतली जात नसे. पगार ठरलेल्या तारखेला, पीएफ कापलेला, दिवाळीला बोनस. वर्षानुवर्षं हे काम मी नीट केलं.

सोडताना सगळ्यांना एकच कारण सांगितलं की मला मुलांना शिकवायचंय. ते खरंच होतं. मात्र आज स्वतःशी बोलताना त्याच्या मागची कारणंही पुढे आणावी लागतात. लॅबमध्ये माझं काम आकड्यापाशी संपायचं. तो आकडा असाच का आला, हे मला कुणी कधी विचारलं नाही. माझ्या डोक्यात जे होतं ते कुणीतरी ऐकून घ्यावं, त्यावर उलट प्रश्न विचारावा, ही भूक होती. मुलगी लहान होती आणि शाळेच्या वेळा घराला सोयीच्या होत्या, हेही होतं. आणि मान हवा होता. आमच्या भागात शाळेतल्या बाईंना रस्त्यात लोक थांबून नमस्कार करतात, लॅबमधल्या बाईंना नाही. ही सगळी कारणं काही वाईट नाहीत. पण ‘मुलांसाठी’ या एका कारणाखाली ती झाकून ठेवली की पुढचे सगळे हिशेब चुकतात. मुलांसाठी आले असं म्हणत राहिलं की कायम नोकरी न मिळण्याचं दुःखसुद्धा मुलांच्याच नावावर खपतं.

बीएड २०१५ मध्ये दोन वर्षांचं झालं होतं. ते केलं. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिली. दीडशे गुणांच्या पेपरात नव्वद लागतात, ते मिळाले. मग टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्तेची चाचणी. दोनशे प्रश्न, एकशेवीस मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. ही परीक्षा पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये, तिसऱ्यांदा २०२५ च्या उन्हाळ्यात. पहिली आणि दुसरी यांच्या मधल्या पाच वर्षांत किती जणांचं वय उलटलं असेल? खुल्या प्रवर्गाला वयाची अट अडतीस आहे आणि माझं सदतिसावं सरलं आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव आहे, प्राधान्यक्रम भरलेले आहेत. पुढे काय होईल ते जागा किती निघतात, कोणत्या विषयाच्या आणि कोणत्या प्रवर्गाच्या निघतात, यावर आहे. निवड झालीच तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला अठरा हजार मानधन, तेही २०२३ मध्ये वाढवल्यानंतरचं. त्याआधी ते आठ हजार होतं.

मधल्या काळात शाळा काय करते, हे आत गेल्यावर कळलं. एक शिक्षक निवृत्त होतो. ती जागा लगेच भरता येत नाही. आधी संचमान्यतेत ती टिकायला हवी, म्हणजे पटावर तेवढी मुलं हवीत. मग बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाची यादी, तपासून यायला हवी, मग दुसऱ्या शाळेत अतिरिक्त ठरलेलं कुणी तिथे पाठवलं जात नाही ना ते बघायला हवं, मग जाहिरात. २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली तेव्हापासूनचा हा तुंबारा आहे, तो अजून ओसरलेला नाही. इकडे आठवी ब चं गणित कुणीतरी घ्यायलाच हवं. मग मुख्याध्यापक ओळखीत फोन करतात. ज्या शाळेला संस्थेकडून पैसे मिळत नाहीत तिथे कायम शिक्षक दर महिन्याला आपापसांत वर्गणी काढतात आणि तासिकेवाल्याला देतात. मी असे पैसे घेतले आहेत. पाकीट देणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या घरी दोन मुलं कॉलेजात आहेत, हे माहीत असताना घेतले आहेत.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. माझं काम दुसऱ्याच्या नसण्यावर उभं आहे, हे मनात कसं मुरत जातं त्याबद्दल. शाळेतल्या एका मैत्रिणीने पेढा हातावर ठेवून बातमी सांगितली. मी तिला मिठी मारली, आनंद खरा होता, आणि त्याच क्षणी डोक्यात हिशेब सुरू झाला. बाळंतपणाची रजा एकशेऐंशी दिवस, ती नोव्हेंबरात जाईल, म्हणजे वार्षिक परीक्षेपर्यंत माझी सोय झाली. पेढा तोंडात असताना मी तिच्या पोटातल्या बाळाच्या तारखेवर माझं वर्ष बसवत होते. दुसऱ्या एका सरांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा त्यांना बघायला गेले. डॉक्टर किती दिवस विश्रांती सांगतायत, हा प्रश्न मी विचारला. भेटायला गेलेला प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. माझ्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता, हे फक्त मला माहीत होतं. याला मी पाप म्हणत नाही. काम ज्याच्यावर अवलंबून आहे त्याचा हिशेब मन करणारच. पण कुणाचं दुखणं ऐकल्यावर मनात आधी सुटका आणि मग काळजी, हा क्रम ज्या कामाने लावला, त्या कामाबद्दल मला स्वतःला प्रश्न विचारावेसे वाटतात. क्रम उलटा करायचा मी प्रयत्न करते. नेहमी जमत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्या शिक्षकांच्या सेवेची पाचाहून अधिक वर्षं उरली आहेत त्यांनाही आता दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागणार. शिक्षकखोलीतलं वातावरण बदललं. वीस-वीस वर्षं पाचवी ते आठवीला शिकवलेल्या बाई माझ्याकडे बालमानसशास्त्राच्या नोट्स मागायला आल्या. मी दिल्या, शनिवारी शाळा सुटल्यावर थांबून समजावलंही. मात्र त्यांनी मान खाली घालून वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आवडलं नाही. त्यांच्याकडे वीस वर्षांचा वर्ग होता, माझ्याकडे एक प्रमाणपत्र होतं. त्यांचं धाबं दणाणलेलं असताना मी मनात बरोबरी साधत होते.

वर्गाबद्दल मात्र माझं मन स्वच्छ आहे. इतरांनी दिलेला सल्ला मला ठाऊक आहे, आणि तो देणारी माणसंही चांगलीच आहेत: ऑफ तासाला एवढं जीव तोडून कशाला, शांत बसवा, गृहपाठ करू द्या, पस्तीस मिनिटं जातात. मला ते पटत नाही. नेमणूक कोणत्या प्रकारची आहे हे वर्गातल्या मुलाला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. त्याची ती पस्तीस मिनिटं खरीच असतात.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात धातुविज्ञानाचा धडा आहे. अभिक्रियाशीलता श्रेणी, बॉक्साइटपासून ॲल्युमिनिअम, क्षरण. तो एका रजेच्या जागेवर माझ्या वाट्याला आला. शाळा उपनगरातली, निम्म्या मुलांचे वडील किंवा चुलते फाउंड्रीत. जुन्या सहकाऱ्याकडून एक पाचरीच्या आकाराचा ओतीव तुकडा मागवून घेतला. भट्टीपाशी रसाची पारख करायला असा तुकडा ओततात आणि मधून तोडतात. तुटलेली कड वर्गात फिरवली. जाड बाजूला ती करडी होती, पातळ टोकाशी पांढरी. एकच रस, एकच भट्टी. मी काही सांगण्याआधी मुलांना फक्त बघायला सांगितलं. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीलासुद्धा मोठ्याने ‘हजर’ म्हणत नसे, तो म्हणाला, “पातळ बाजू आधी गार झाली असणार काय?” बरोबर होतं. सावकाश निवलं तर कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात सुटा होतो आणि कड करडी दिसते. झटकन निवलं तर तोच कार्बन लोखंडाशी बांधला जाऊन कार्बाइड होतो. कड पांढरी पडते आणि धातू इतका कडक होतो की त्यावर कानस चालत नाही. त्याला कसं कळलं विचारलं, तर म्हणाला, “पप्पा मोल्डिंगला आहेत. पातळ जॉब रिजेक्ट होतात म्हणतात.” मग अर्धा तास तो आणि त्याच्यासारखी चार-पाच मुलं बोलत होती आणि बाकीचा वर्ग ऐकत होता. पुस्तकातलं एक पानही त्या दिवशी पुढे सरकलं नाही. दुसऱ्या दिवशी अभिक्रियाशीलता श्रेणी शिकवताना मला फार बोलावं लागलं नाही.

फाउंड्रीतली वर्षं वाया गेली नाहीत, हे मला त्या तासाला कळलं. आणि क्षरण शिकवायचं बाकी असतानाच मूळ मॅडम रुजू झाल्या. ठरल्याप्रमाणेच झाल्या, त्यात कुणाचा दोष नाही.

तेव्हापासून मी स्वतःला तपासण्याचा एक मार्ग काढला आहे. पुढे काम मिळणार नाही हे नक्की कळल्यानंतरचे जे शेवटचे दिवस असतात, त्या दिवसांत मी कशी शिकवते ते बघायचं. मुख्याध्यापकांच्या नजरेत भरण्यासाठी मी राबत असेन, तर ते या दिवसांत उघडं पडेल. बघितलं. पहिल्या दोन दिवसांत आवाज खाली येतो, फळ्यावरचं अक्षर बिघडतं, हे खरं आहे. मग कुणीतरी काहीतरी विचारतं आणि मी पूर्वीसारखीच होते. म्हणजे मला चालतं ठेवणारी गोष्ट वर्गातच आहे. एवढा पुरावा मला पुरतो. शेवटच्या दिवशी मी एक वही ठेवून जाते: धडा कुठवर आला, कोण कुठे अडतंय, कोणाला पुढे बसवावं लागतं कारण त्याला फळा नीट दिसत नाही आणि घरी ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मूळ शिक्षक ती वही वाचतात की नाही, हे मी विचारत नाही.

मग मनाला टोचतं ते काय? ते मी सुरुवातीलाच लिहिलं.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर एक मुलगा तासिकेवर होता. वय सव्वीस-सत्तावीस, राधानगरीकडचा, घरी थोडा ऊस, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. डीएड, मग बीएस्सी, मग बीएड, टेटमध्ये माझ्यापेक्षा जास्त गुण. वर्गात तो माझ्यापेक्षा सरस होता. हे मी नम्रतेने म्हणत नाही, शेजारच्या वर्गातून मी ऐकत असे. अपूर्णांक शिकवताना तो मुलांना त्यांच्याच गल्लीतल्या गोष्टी मोजायला लावायचा आणि वर्ग खिदळत शिकायचा. तासाला दीडशे रुपये. त्याला सकाळी पेपर टाकून आणि संध्याकाळी शिकवण्या घेऊन शाळा करावी लागे, त्यामुळे ऐन वेळी बोलावलं की तो येऊ शकत नसे. मी येऊ शकत होते. साडेसहाला फोन आला तरी मी सव्वासातला परिपाठाला उभी. ऑफ तासाच्या वहीत माझं नाव वाढत गेलं आणि त्याचं कमी होत गेलं. यात कुणी काही गैर केलं नाही. पर्यवेक्षकांना हाकेला येणारं माणूस हवं होतं, ते त्यांना मिळालं. दिवाळीनंतर तो एका फायनान्स कंपनीत वसुलीला लागला. निरोप घ्यायला आला तेव्हा मी म्हटलं, “अजून थोडं थांबला असतास तर.” तो म्हणाला, “मॅडम, तुमचं भागतंय हो. माझं भागंना झालंय.” त्यात राग नव्हता. त्याने जे होतं ते सांगितलं.

तेव्हापासून मी हे वाक्य बाजूला सारू शकलेले नाही. ज्या दराला मी आनंदाने येते, त्या दराला येणं मला शक्य आहे कारण माझं घर दुसऱ्याच्या पगारावर चालतं. माझ्या नवऱ्याचा पगार एका अर्थी त्या शाळेला मिळणारं अनुदान आहे. आणि माझ्यासारख्या बाया जोवर हाकेला येत आहेत तोवर आठवी ब ला शिक्षक नाही ही तक्रार वर पोचतच नाही. पालकांना वर्ग भरलेला दिसतो. जागा रिकामी आहे हे फक्त कागदावर दिसतं, आणि कागद कुणी वाचत नाही. मी मुलांचं नुकसान टाळते हे खरं. ते नुकसान ज्यांनी भरून काढायला हवं त्यांना मी सवड देते हेही खरं. आज त्या वर्गातल्या मुलांना मी हवी आहे. पाच वर्षांनी तिथे बसणाऱ्या मुलांना तो राधानगरीचा मुलगा कायम शिक्षक म्हणून हवा होता. या दोघांत मी रोज पहिल्या मुलांची बाजू घेते, कारण ती मला दिसतात.

नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, “तू नाही म्हटलंस तर दुसरी कुणी घेईल, शाळा काही अडत नाही.” बरोबर आहे. एका माणसाच्या नकाराने दर वाढत नाही, जागा भरत नाहीत. पण मी काय करावं हे शाळा अडते की नाही यावरच ठरवायचं का, हा माझा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे असायचं कारण नाही. तो पुढे म्हणाला, “मग काय, मुलांना सोडणार?” तेही मला जमणार नाही.

सध्या मी इतकंच ठरवलं आहे. जून उजाडायच्या आत मुख्याध्यापकांना भेटायचं. पूर्ण रजेची जागा असेल तर घ्यायची, आणि नियुक्तिपत्र लेखी मागायचं, कितीही दिवसांचं असलं तरी, कारण त्या कागदावर जागा रिकामी असल्याची नोंद होते. सुटे तास मला नकोत. ज्याला त्यांची गरज आहे आणि ज्याच्या वेळा थोड्या सांभाळून घ्याव्या लागतील, अशा तिघा-चौघांचे नंबर माझ्याकडे आहेत, ते द्यायचे आणि वेळापत्रक त्यांच्यासाठी वळवा असं बोलायचं. वर्गणीच्या पाकिटाबद्दलही बोलायचं. ते पैसे कोण देतंय हे पालक सभेत सांगितलं गेलं पाहिजे. हे ऐकल्यावर मला पुन्हा बोलावलं जाणार नाही, असं होऊ शकतं. मला ते परवडतं, म्हणूनच हे बोलण्याची पाळी माझ्यावर येते, त्या मुलावर येत नव्हती.

फाउंड्रीच्या लॅबमधल्या साहेबांनी निघताना सांगितलं होतं की जागा असेल तोवर दार उघडं आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन येऊन गेला, नव्या स्पेक्ट्रोवर माणूस हवा आहे म्हणून. मुख्याध्यापकांना भेटून येईपर्यंत मी त्यांच्याकडून मुदत मागितली आहे.